नववी ते चौदावी: ब्रुकलिनच्या पी-टेक शाळेचे प्रकरण

सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, क्राउन हाइट्स या वस्तीतील एका जुन्या शाळेच्या इमारतीत एक नवी सरकारी शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्यात फक्त नववीचा वर्ग होता आणि पटावर शंभरेक मुले होती. ‘पाथवेज इन टेक्नॉलॉजी अर्ली कॉलेज हायस्कूल’ हे तिचे पूर्ण नाव; व्यवहारात सगळे तिला पी-टेक म्हणतात. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षे. या शाळेत मात्र चौदावीपर्यंतची सोय होती. विद्यार्थ्याने सहा वर्षांच्या आत शाळा पूर्ण केल्याचा दाखला मिळवावा, त्याच काळात दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यावी, कामाच्या ठिकाणचा अनुभव गाठीशी बांधावा आणि यातल्या कशासाठीही घरच्यांना शुल्क भरावे लागू नये, अशी तिची आखणी होती.

या व्यवस्थेत तीन भागीदार होते. शाळा शहराच्या शिक्षण विभागाची. कॉलेजचे शिक्षण सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या, म्हणजे क्युनीच्या, ‘न्यूयॉर्क सिटी कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी’कडून, त्याला विद्यार्थी ‘सिटी टेक’ म्हणतात. आणि तिसरी आयबीएम ही संगणक कंपनी. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी सप्टेंबर २०१० मध्ये या शाळेची घोषणा केली आणि वर्षभरात ती उभी राहिली. आयबीएमच्या बाजूने ही कल्पना पुढे नेणारे स्टॅन्ली लिटो हे पूर्वी शहराच्या शालेय प्रशासनातच उपप्रमुख होते; शाळेचे संस्थापक मुख्याध्यापक होते रशीद डेव्हिस.

पी-टेकवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे कंपनीच्या नावाभोवती आणि लवकर पदवी मिळवणाऱ्या मोजक्या मुलांभोवती फिरते. या प्रकरणाचा गाभा दुसरीकडे आहे, असे माझे मत आहे. ही शाळा रचली गेली ती मुलांना अधिक वेळ देण्यासाठी. गाजली ती मात्र वेगासाठी. या दोहोंमधली ओढाताण तिच्या वेळापत्रकात, तिच्या गुणपत्रकांत आणि तिच्या यशाच्या मोजणीत सगळीकडे दिसते.

दोन जुने प्रवाह

शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी विषयागणिक जमा होणारी एकके, मिळवण्याची पद्धत पी-टेकने शोधून काढलेली नाही. न्यूयॉर्कमध्येच, क्वीन्समधील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, १९७४ साली ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ सुरू झाले. जॅनेट लीबरमन यांची ही कल्पना होती आणि ती हुशार मुलांसाठी नव्हती. जी मुले शाळा सोडण्याच्या बेतात आहेत त्यांना कॉलेजच्या वातावरणात आणून बसवले, तर तिथल्या प्रौढ जबाबदारीने ती टिकतील, असा तिचा आधार होता. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १९८५ साली, मिनेसोटा राज्याने गव्हर्नर रूडी पर्पिच यांच्या काळात कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना थेट कॉलेजात जाऊन विषय घेण्याची मुभा दिली आणि त्याचा खर्च राज्याने उचलला. अशी राज्यव्यापी व्यवस्था करणारे मिनेसोटा हे पहिले राज्य. ही वाट मुख्यतः अभ्यासात पुढे असलेल्यांची होती. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली उघडलेली बार्ड हायस्कूल अर्ली कॉलेज ही शाळाही परीक्षा आणि मुलाखत घेऊनच मुले निवडत असे.

तेव्हा प्रवाह दोन आहेत. एक, जे आधीच धावत आहेत त्यांना मोकळा रस्ता देणारा. दुसरा, जे मागे पडतील अशी भीती आहे त्यांना शाळेत टिकून राहायला कारण देणारा. आज अमेरिकेत हे दोन्ही एकाच नावाखाली, ‘ड्युअल एनरोलमेंट’ म्हणून, मोजले जातात आणि त्यांची एकत्रित संख्या प्रचंड झाली आहे: २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी निदान एक तरी कॉलेजचा विषय घेतला होता. पी-टेकचे कूळ दुसऱ्या प्रवाहातले. तिने त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे पदवीला विशिष्ट नोकरीशी जोडणे, आणि दुसरी म्हणजे सहा वर्षांची उघड कबुली.

या सहा वर्षांना कायद्याचाही आधार होता. न्यूयॉर्क राज्यात दाखला न मिळालेल्या मुलाला वयाची २१ वर्षे पूर्ण होतात ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. चौदाव्या वर्षी नववीत आलेला मुलगा सहा वर्षांनी विशीत असतो. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या वर्षीही शाळेला त्याला आपल्या पटावर ठेवता येते. ही तरतूद मुळात मागे राहिलेल्यांसाठी होती. पी-टेकने तिचा उपयोग पुढे जाणाऱ्यांसाठी केला, आणि माझ्या दृष्टीने या आराखड्यातली सर्वांत चतुर गोष्ट हीच आहे.

इमारत, पसंतीक्रम आणि सोडत

ज्या इमारतीत पी-टेक उघडली तिथे आधीपासून पॉल रोबसन हायस्कूल चालत होते. निकाल खालावल्याचे कारण देऊन ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय शहराने घेतला होता. नवीन मुले घ्यायची नाहीत आणि असलेली बाहेर पडली की कुलूप लावायचे, अशी ती पद्धत. त्यामुळे काही वर्षे एकाच छपराखाली एक शाळा आटत होती आणि दुसरी भरत होती. पी-टेकच्या बहुतेक वर्णनांत ही बाजू एका ओळीत उरकली जाते. पण नव्या शाळेचे यश मोजताना हे विसरता येत नाही की तिला पहिल्या दिवसापासून स्वतःचे शिक्षक निवडता आले, एका वेळी एकच वर्ग वाढवता आला आणि जुन्या शाळेचे ओझे तिच्या डोक्यावर नव्हते.

प्रवेशाची पद्धत महाराष्ट्रातील वाचकाला अर्धी ओळखीची वाटेल. न्यूयॉर्कमधील आठवीची मुले हायस्कूलसाठी एकच अर्ज भरतात आणि त्यात शाळांचा पसंतीक्रम देतात; पी-टेक सुरू झाली त्या काळी बारापर्यंत शाळा लिहिता येत. पुढचे काम संगणक करतो. आपल्याकडच्या अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म ज्यांनी भरला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की पी-टेकला कट-ऑफ नव्हता. मुलाचे आधीचे गुण, परीक्षा, मुलाखत यांपैकी काहीच पाहिले जात नसे. शाळेच्या माहितीसत्राला हजर राहून ज्यांनी आपली आवड नोंदवली त्यांना प्राधान्य मिळे, आणि जागांपेक्षा मुले जास्त झाली की सोडत निघे.

माहितीसत्राची ही अट वरवर निरुपद्रवी वाटते. पण संध्याकाळच्या पाळीत काम करणारी आई, किंवा अशा सत्राची खबरच न मिळालेले घर, तिथेच मागे पडते. ‘गुण पाहत नाही’ असे म्हणणारी शाळाही पालकांची धडपड नकळत पाहतच असते. तरीही निकालांच्या दृष्टीने सोडतीचे महत्त्व मोठे ठरले. त्याकडे पुढे येतोच.

पटावर आलेली मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतली होती, बहुसंख्य मुलगे होते आणि बहुतेकांची घरे कमी उत्पन्नाची होती. कॉलेजचा उंबरा ओलांडणारे आपण घरातले पहिलेच, अशी स्थिती अनेकांची होती.

पंच्याहत्तरची रेघ

पहिल्या वर्षी शाळेत काय शिकवले गेले हे पाहिले तर संगणकाचा गाजावाजा बाजूला पडतो. नववीच्या मुलांना इंग्रजी आणि गणिताच्या दुप्पट तासिका होत्या. शाळेचा दिवस नेहमीपेक्षा लांब होता आणि उन्हाळ्याच्या सुटीतही वर्ग भरत. कारण साधे होते. राज्याच्या रीजंट्स परीक्षांमध्ये उत्तीर्ण होण्यासाठी ६५ गुण पुरतात, पण क्युनीच्या लेखी कॉलेजचे क्रेडिट असलेले विषय घेण्यास विद्यार्थी तयार आहे असे ठरण्यासाठी इंग्रजीत ७५ गुण लागत. गणितासाठीही उत्तीर्णतेच्या बरीच वर अशी वेगळी रेघ होती.

म्हणजे इंग्रजीत ६८ गुण मिळवलेली मुलगी शाळेच्या दृष्टीने पास होती आणि कॉलेजच्या दृष्टीने अजून दाराबाहेर होती. अमेरिकेतील साध्या हायस्कूलमध्ये हे तिला बारावी संपल्यावर, कॉलेजात नाव घातल्यावर कळते. तिथे तिला क्रेडिट न देणाऱ्या पूरक वर्गांत बसवतात, त्या वर्गांत शिष्यवृत्तीचे पैसे आणि एक-दोन सत्रे खर्च होतात, आणि पुष्कळजण तिथूनच परत फिरतात. पी-टेकमध्ये हीच गोष्ट तिला पंधराव्या वर्षी, ओळखीच्या शिक्षकांसमोर, पुन्हा परीक्षा देण्याला भरपूर अवधी असताना कळत होती. क्रेडिट मिळवून देण्यापेक्षा ही सूचना दोन-तीन वर्षे आधी मिळणे हा या शाळेचा मोठा फायदा होता.

रेघ ओलांडलेली मुले, काही तर दहावीतच, सिटी टेकचे विषय घेऊ लागली. काही विषय शाळेच्याच इमारतीत शिकवले जात, काहींसाठी डाउनटाउन ब्रुकलिनमधील जे स्ट्रीटवरच्या कॉलेजात जावे लागे. मेट्रोच्या ए किंवा सी गाडीने तो प्रवास थोड्याच थांब्यांचा आहे. पण या छोट्या प्रवासात वागण्याचे नियम बदलत. शाळेत गैरहजर राहिले तर घरी फोन जातो, गृहपाठ राहिला तर शिक्षक आठवण करतात. कॉलेजात प्राध्यापक सत्राच्या सुरुवातीला एक पत्रक वाटतात, त्यात परीक्षांच्या तारखा आणि गुणांची विभागणी असते, आणि त्यानंतर कोणी मागे लागत नाही. विद्यार्थी पंधरा वर्षांचा आहे की पस्तीस, हे प्राध्यापकाला माहीत असेलच असे नाही.

व्यवसाय-प्रशिक्षणाची बाजू आयबीएमने ज्या रीतीने बांधली ती दखल घेण्यासारखी आहे. कंपनीने असोसिएट पदवीवर मिळू शकणाऱ्या आपल्याकडील सुरुवातीच्या पदांची यादी घेतली, प्रत्येक पदावर बसलेल्या माणसाला प्रत्यक्ष काय करता यावे लागते ते लिहून काढले आणि मग शिक्षक व प्राध्यापक यांच्यासोबत बसून ती कौशल्ये मागे मागे नेत नववीच्या वर्गापर्यंत आणली. ग्राहकाची अडचण ऐकून ती स्पष्ट शब्दांत नोंदवणे, चार जणांसमोर उभे राहून आपले काम समजावून सांगणे, बिघाडाचे कारण पायरीपायरीने शोधणे, अशा गोष्टींना ‘वर्कप्लेस लर्निंग’ या स्वतंत्र विषयात तासिका मिळाल्या. प्रत्येक मुलाला कंपनीतला एक मार्गदर्शक नेमून दिला गेला, कार्यालयाच्या भेटी झाल्या आणि वरच्या वर्गांतील मुलांना उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिप मिळू लागल्या. या सगळ्याची सांगड घालण्यासाठी कंपनीचा एक पूर्णवेळ समन्वयक शाळेत असे. हे पद बारीक वाटते, पण या आराखड्याच्या नकला जिथे जिथे झाल्या तिथे हेच पद आधी विसरले जाण्याचा धोका असतो. कंपनी करारावर सही करते, उद्घाटनाला येते. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मार्गदर्शक आला नाही तर फोन कोणी करायचा, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

असोसिएट पदवीसाठी सुमारे ६० क्रेडिट लागतात. विद्यार्थ्यांपुढे पर्याय दोन होते: कॉम्प्युटर सिस्टिम्स टेक्नॉलॉजी आणि इलेक्ट्रोमेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी. कॉलेजचे शुल्क विद्यार्थ्यावर पडत नसे, आणि हे सहज साधलेले नव्हते. गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेले पेल अनुदान हे केंद्र सरकारचे सर्वांत मोठे साहाय्य हायस्कूलच्या पटावर असलेल्यांना सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यामुळे शाळकरी मुलांच्या कॉलेज-शुल्काचा भार शहर, राज्य आणि विद्यापीठ यांना आपसात वाटून घ्यावा लागतो. जिथे तसे होत नाही, तिथे ड्युअल एनरोलमेंटचे बिल पालकांच्या हाती येते आणि योजना आपोआप खात्यापित्या घरांची होते.

सहा विद्यार्थी, चार वर्षे

शाळा दीड वर्षाची असताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी संसदेपुढील वार्षिक भाषणात तिचा उल्लेख केला; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते स्वतः शाळेत येऊन गेले. अजून एकही विद्यार्थी पदवीधर झाला नव्हता. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्येच राज्यभर अशा शाळांना निधी देण्यास सुरुवात केली, त्याआधी २०१२ मध्ये शिकागोत याच धर्तीवर शाळा निघाल्या होत्या, पुढे ऑस्ट्रेलिया, मोरोक्को, तैवान अशा देशांतही पी-टेक पोहोचली. निकाल हाती येण्यापूर्वीच आराखडा जगभर गेला. धोरणांच्या जगात हे नवे नाही, पण अभ्यासकाने त्याची नोंद करून ठेवावी.

मग २०१५ साली पहिले सहा विद्यार्थी दाखला आणि असोसिएट पदवी दोन्ही घेऊन बाहेर पडले. सहा वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी चार वर्षांत संपवला होता. काहींनी आयबीएममध्ये नोकरी धरली, काही पुढच्या शिक्षणाकडे वळले. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण त्या कौतुकात शाळेची मूळ ओळख बदलली. सहा वर्षे हे वचन होते. आता ते कमाल मर्यादेसारखे वाचले जाऊ लागले आणि चार वर्षे हे उत्तम कामगिरीचे माप ठरले. शंभरेक मुलांच्या तुकडीतील सहाजण चार वर्षांत पोहोचतात, याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या नव्वदहून अधिक जणांना चार वर्षे पुरली नव्हती. शाळा त्यांच्यासाठीच तर काढली होती.

‘डी’ या श्रेणीचा हिशोब

घाईची किंमत कुठे दिसते, तर गुणपत्रकात. शाळेतला खराब निकाल शाळेबरोबर संपतो. कॉलेजच्या विषयात मिळालेली श्रेणी मात्र कॉलेजच्या कायमच्या नोंदीत उतरते, मग ती पंधराव्या वर्षी मिळालेली का असेना.

क्युनीमध्ये ए श्रेणीला ४ गुणांक, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि एफ ला शून्य. पदवी मिळण्यासाठी एकूण सरासरी निदान २.० लागते. एक कल्पित उदाहरण घेऊ. दहावीतल्या मुलाने तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय घेतले. एकात त्याला डी मिळाली, दुसऱ्यात सी. दोन्ही विषयांत तो उत्तीर्ण आहे, सहा क्रेडिट त्याच्या खात्यावर जमा आहेत, घरी पेढे वाटायला हरकत नाही. पण त्याची सरासरी आहे १.५. ती फक्त काठावरच्या २.० वर आणण्यासाठी त्याला पुढच्या तीन क्रेडिटच्या विषयात बी मिळवावी लागेल, आणि आणखी एक डी आली तर हा काठ आणखी दूर जाईल.

इथे क्युनीच्या नियमात एक विचित्र पेच आहे. एफ मिळालेला विषय पुन्हा घेऊन त्यात सी किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवली, तर जुनी एफ गुणपत्रकावर दिसत राहते पण सरासरीतून वगळली जाते; ही सवलत एकूण १६ क्रेडिटपर्यंत मिळते. डी ला मात्र ती सवलत नाही, कारण डी म्हणजे पास. तेव्हा कच्च्या तयारीनिशी कॉलेजच्या वर्गात बसलेल्या आणि कशीबशी डी मिळवलेल्या मुलाची अवस्था सरासरीच्या दृष्टीने सरळ नापास झालेल्यापेक्षा अवघड होऊ शकते. आपल्याकडे केटी लागलेला विद्यार्थी पुढच्या खेपेस पेपर सोडवतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. तिथे काठावर पास झालेल्याला ती वाटही नसते. या मुलाने पुढे दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मागितला तर अर्जासोबत हे गुणपत्रकही द्यावे लागते, आणि आर्थिक साहाय्यासाठी ‘समाधानकारक प्रगती’ तपासतानाही ते पुढे येऊ शकते.

म्हणून ७५ ची रेघ ही केवळ विद्यापीठाची अडवणूक नव्हती. ती मुलाचे संरक्षणही होती. आणि म्हणूनच ‘लवकरात लवकर कॉलेजच्या वर्गात’ हे धोरण ज्या शाळांनी स्वीकारले त्यांनी ते मुलांच्या जोखमीवर स्वीकारले. प्रयत्न करू द्यायचा पण अपयशाची नोंद ठेवायची नाही, अशी मुभा सत्राच्या ठरावीक तारखेपर्यंत विषय सोडण्याच्या नियमात असते. ती तारीख विद्यार्थ्याला, त्याच्या शाळेतल्या समुपदेशकाला आणि घरच्यांना माहीत असणे, हे अशा शाळेत एखाद्या संगणक-प्रयोगशाळेपेक्षा कमी मोलाचे नाही.

मोजणी

प्रचारात पी-टेकच्या पदवी-प्रमाणाची तुलना देशभरातील कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांच्या, सरासरीशी केली जाई आणि पी-टेक कित्येक पटींनी पुढे दिसे. ही तुलना टिकत नाही. कम्युनिटी कॉलेजात नोकरी करणारे, लेकुरवाळे, अर्धवेळ शिकणारे प्रौढ असतात. पी-टेकमध्ये ज्यांच्या पालकांनी माहितीसत्र गाठून ही शाळा वर लिहिली अशी किशोरवयीन मुले. शिवाय एकाकडे सहा वर्षे मोजायची आणि दुसऱ्याकडे त्याहून कमी, तर फरक पडणारच.

खरी तुलना शक्य झाली ती सोडतीमुळे. एमडीआरसी या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क शहरातील पी-टेक पद्धतीच्या सात शाळा घेतल्या आणि सोडतीत नंबर लागलेल्या मुलांची गाठ, त्याच शाळांसाठी अर्ज करून नंबर न लागलेल्या मुलांशी घातली. दोन्हीकडे इच्छा सारखी, घरची धडपड सारखी. फरक फक्त चिठ्ठीचा. या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष २०२० मध्ये आले. हायस्कूलची दोन वर्षे झाल्यावर इंग्रजीच्या रीजंट्समध्ये क्युनीची रेघ ओलांडलेल्यांचे प्रमाण पी-टेकच्या मुलांत ४२ टक्के होते, तर इतरत्र गेलेल्यांत २५ टक्के. नंतरच्या टप्प्यात असेही दिसले की पी-टेकची मुले शाळेत असताना कॉलेजचे विषय आणि इंटर्नशिप बऱ्याच अधिक प्रमाणात घेत होती, असोसिएट पदवी मिळवण्याची त्यांची शक्यता काही टक्क्यांनी वाढली होती आणि ही वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती.

४२ आणि २५ हा फरक लक्षणीय आहे, आणि शाळेच्या बाजूने हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण तोच आकडा उलटून वाचला की असे दिसते की दोन वर्षे अशा शाळेत शिकूनही १०० पैकी ५८ मुले एकट्या इंग्रजीच्या रेघेपर्यंत पोहोचली नव्हती. अशा तुकडीसाठी चार वर्षांत पदवीचे वेळापत्रक आखणे म्हणजे बहुसंख्येला आधीच मागे टाकणे होय. सहा वर्षांची बाजू मांडायला याहून चांगला आकडा मला सापडत नाही.

मुलग्यांमध्येच परिणाम अधिक का, याचे उत्तर ठामपणे देणे अवघड आहे. अमेरिकेत कॉलेजपर्यंत पोहोचण्यात मुली आधीच मुलग्यांच्या पुढे आहेत; त्यामुळे ज्यांची घसरण अधिक होती त्यांनाच आधार अधिक लागू पडला, हे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. अभ्यासक्रमाच्या दोन्ही शाखा तंत्रज्ञानाच्या, आणि वर्गात मुली थोड्या, हेही कारण असू शकते.

नोकरी आणि पुढची वाट

आयबीएमचे वचन नोकरीचे नव्हते, अग्रक्रमाचे होते: पात्र पदवीधराचा अर्ज मुलाखतीसाठी आधी पाहिला जाईल. काहींना नोकऱ्या मिळाल्या, पण एकूण पटाच्या तुलनेत असे थोडे. यावरून कंपनीने फसवले असा आरोप करणे अन्यायाचे होईल. तेवढ्यासाठी ही योजना मोजायचीच नव्हती. पण शाळेच्या दारावर एका कंपनीचे नाव असते तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजीला करारातील ‘अग्रक्रम’ हा शब्द ‘नोकरी’ असाच ऐकू येतो, आणि हे करार लिहिणाऱ्यांना कळत नसेल असे वाटत नाही. दुसरा धोका अभ्यासक्रमाचा. आज सुरुवातीच्या पदाला लागणारी कौशल्ये सहा वर्षांनी तीच राहतील याची हमी संगणकक्षेत्रात कोणी देत नाही. इंग्रजी आणि गणिताच्या दुप्पट तासिका मात्र जुन्या होत नाहीत.

अधिक गुंतागुंतीचा प्रश्न त्या मुलांचा आहे जी चौथ्या वर्षी दाखला घेऊन, असोसिएट पदवी अर्धी टाकून, थेट चार वर्षांच्या कॉलेजात जातात. अशी मुले बरीच होती. शाळेच्या घोषवाक्यानुसार ती गळती आहे; पदवी पूर्ण झालीच नाही. घरच्यांच्या लेखी मात्र मुलगी मोठ्या कॉलेजात गेली, याहून चांगले काय हवे. मी तिला यशाच्या रकान्यात टाकीन, पण एका अटीवर. तिने जमवलेल्या ३०-३५ क्रेडिटपैकी किती नव्या कॉलेजने मान्य केली, हे आधी पाहावे लागेल. पी-टेकची पदवी ‘अप्लाइड सायन्स’ प्रकारची आहे. तिची आखणीच कामाला लागण्यासाठी झालेली असते. सिटी टेकमध्येच पुढची पदवी घेतली तर ही क्रेडिट बहुतांशी कामी येतात. दुसरीकडे, विशेषतः खासगी कॉलेजात किंवा अभियांत्रिकीच्या मुख्य शाखेत गेले, तर नेटवर्किंगचा विषय ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला टाकला जाऊ शकतो आणि गणिताचा विषय पुन्हा घ्यावा लागू शकतो. मग एक वर्ष वाचले असे वाटलेल्या मुलीचे प्रत्यक्षात फार तर एखादे सत्रच वाचलेले असते. किती क्रेडिट मिळाली हे शाळा सांगू शकते. किती चालली हे पुढच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडेच विचारावे लागते.